चर्चमधली मैफल : बसावं कुठे, टाळ्या कधी?

चर्चमध्ये पन्नास-शंभर श्रोत्यांसमोर होणाऱ्या छोट्या मैफलींबद्दल वाचकांनी बरंच विचारलं आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : चर्चमध्ये स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांचं एकत्र वादन) ऐकायला जाणार आहे. तिकिटावर आसन क्रमांक नाही, आधी येईल त्याला जागा. पुढे बसावं की मागे?

क्वार्टेट आहे तर पुढेच. दुसरी ते सहावी रांग, मधल्या वाटेच्या जवळ, खांबाआड नको. पण यामागचं कारण समजलं तर पुढच्या वेळी गायन असो की पियानो, जागा तुमची तुम्हालाच निवडता येईल.

दगडी भिंती, फरशी आणि उंच छत यांवर आपटून परत येणारा आवाज वाद्यातून थेट आलेल्या आवाजात मिसळत राहतो. हा निनाद. वाद्य थांबल्यावर आवाज ६० डेसिबलने खाली यायला जितका वेळ लागतो, तो निनादकाळ. व्याख्यानाच्या खोलीत तो एक सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी असलेला बरा. चांगल्या संगीत सभागृहात दोन सेकंदांच्या आसपास असतो. दगडी चर्चमध्ये दोन ते चार सेकंद सहज भरतो, आणि लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलसारख्या अवाढव्य वास्तूत, ती रिकामी असताना, अकरा सेकंदांच्या घरात जातो.

आता हिशेब करा. निनादकाळ दोन सेकंद, म्हणजे आवाज सेकंदाला ३० डेसिबलने उतरतो. व्हायोलिनवादक द्रुत लयीत सेकंदाला आठ सूर वाजवत असेल, तर नवा सूर निघतो तेव्हा आधीचा सूर जेमतेम पावणेचार डेसिबलने खाली आलेला असतो. त्याच्या आधीचाही अजून हवेत असतोच. संथ भागात याच गोष्टीमुळे सुराला सुंदर आस मिळते, जलद भागात मात्र सगळं एकमेकांत कालवलं जातं. तुम्ही जितके मागे जाल तितका थेट आवाजाचा वाटा घटतो आणि निनादाचा वाढतो. २५ मीटर लांब, १० मीटर रुंद, ८ मीटर उंच अशा चर्चमध्ये वादकापासून साधारण दोन-अडीच मीटरपर्यंतच थेट आवाज वरचढ असतो. म्हणजे पहिल्या-दुसऱ्या रांगेच्या मागे सगळे जण कमी-अधिक निनादातच बसलेले असतात. म्हणून क्वार्टेटसारख्या बारकाव्यांच्या संगीताला चार रांगा पुढे-मागे झाल्या तरी फरक कळतो.

ल्यूट, गिटार, हार्पसिकॉर्ड ही नाजूक आवाजाची वाद्यं. त्यांना दुसरी-तिसरी रांग गाठाच. वाद्यसाथीशिवायचं समूहगायन उलट मध्यावर किंवा जरा मागे चांगलं लागतं. पहिल्या रांगेत समोरच्या दोन गायिकांचेच आवाज सुटे सुटे ऐकू येतात, वृंद जुळून येत नाही. ट्रंपेट-ट्रॉम्बोनवाल्यांसाठी मागचा अर्धा भाग बरा. पियानो असेल आणि वादकाची बोटं बघायची असतील तर डावीकडे बसा. झाकण आपल्या बाजूला उघडतं, त्यामुळे भरीव आवाज मध्यावर आणि किंचित उजवीकडे मिळतो.

टाळण्याच्या जागाही सांगतो. मागच्या सज्जाखाली छत ठेंगणं असतं, वरून येणारा निनाद तिथे पोचत नाही आणि आवाज दबल्यासारखा वाटतो. खांबाआड बसलं तर चेलो ऐकू येतो, व्हायोलिनची धार जाते. याचं कारण लहरींची लांबी. १०० हर्ट्झच्या सुराची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब, ती खांबाला वळसा घालून येते. हजारच्या वरची लहर ३४ सेंटिमीटरहून आखूड, ती खांबावरच अडते. अगदी मागच्या भिंतीला पाठ लावून बसलं तर खर्ज फुगतो.

दार सहसा अर्धा-पाऊण तास आधी उघडतं. आत गेल्या गेल्या बसू नका. कुणाच्या बुटांचा, दार लोटल्याचा आवाज किती वेळ रेंगाळतो ते क्षणभर ऐका. जास्त रेंगाळला तर ठरवल्यापेक्षा दोन रांगा पुढे सरका.

प्रश्न : गेल्या वेळी गायकवृंदाचे शब्द अजिबात कळले नाहीत. माझे कान गेलेत की त्यांचे उच्चार वाईट?

बहुधा दोन्ही नाही. स्वर लांबतात, व्यंजनं लांबत नाहीत. 'क', 'त', 'स' यांचा आवाज अगदी थोडा वेळ टिकतो आणि ताकदीनेही कमी असतो. आधीच्या 'आ'चा निनाद त्यावर पांघरुणासारखा पडतो. मुरलेला गायकवृंद अशा जागी व्यंजन जरा आधी आणि ठासून म्हणतो, ओळींमध्ये श्वासाला जास्त जागा सोडतो आणि लय उतरवतो. तरीही चारपदरी गुंफणीत, जिथे चार गट चार वेगळे शब्द एकाच वेळी गातात, तिथे शब्द कळणं अवघडच.

उपाय साधा आहे. कार्यक्रमपत्रिकेत गीताचे शब्द आणि अर्थ असतील तर सुरुवात होण्याआधी वाचून घ्या. गाणं चालू असताना पान उलटायचं झालं तर सगळ्यांनी एकदम उलटू नये. साठ जणांनी एका क्षणी उलटलेली पानं हा चर्चमधल्या मैफलीतला सर्वांत मोठा आवाज ठरू शकतो. पान अर्ध्यावर आल्यावर हळूच उचलून धरा आणि गाणं जोरात असताना उलटा.

प्रश्न : वडिलांना श्रवणयंत्र आहे. चर्चमध्ये ऑर्गन सुरू झाला की यंत्रातून चिवचिवाट येतो. भिंतीवर कानाचं चिन्ह आणि 'टी' अक्षर आहे, त्याचा उपयोग होईल का?

चिवचिवाटाचं कारण असं, की श्रवणयंत्रात स्वतःची शिट्टी दाबणारी यंत्रणा असते. एकसुरी, लांबवलेला सूर तिला शिट्टीच वाटतो आणि ती त्याच्याशी झगडू लागते. ऑर्गन आणि बासरी यांचे सूर नेमके असेच असतात. श्रवणतज्ज्ञाकडून यंत्रात संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम घालून घ्या. त्यात ही यंत्रणा आणि गोंगाट कमी करणारी यंत्रणा बंद किंवा मंद असते. बोलण्यासाठी लावलेली सेटिंग संगीताला चालत नाही, आणि ही गोष्ट दुकानात बहुधा आपणहून कुणी सांगत नाही.

'टी'चं चिन्ह म्हणजे तिथे इंडक्शन लूप आहे. मायक्रोफोनमधला आवाज तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय लहरींनी थेट यंत्रात पोचतो. निवेदनासाठी तो उत्तम. पण वादकांसमोर माइक नसेल तर 'टी'वर काहीच ऐकू येणार नाही, आणि दिवे मंद करणाऱ्या जुन्या डिमरची गुणगुण मात्र येईल. तेव्हा निवेदनाला 'टी', संगीताला संगीत प्रोग्रॅम. बटण बदलण्याचा सराव घरीच करून ठेवा.

प्रश्न : टाळ्या कधी वाजवायच्या? एकदा मध्येच वाजवल्या आणि सगळ्यांनी वळून पाहिलं.

मैफलीत मध्येच 'वाहवा' म्हणायची सवय असलेल्यांचा इथे हमखास घोटाळा होतो. पाश्चात्त्य अभिजात संगीतातली रचना पुष्कळदा तीन-चार भागांची असते आणि टाळ्या शेवटच्या भागानंतर. पत्रिकेत रचनेच्या नावाखाली भागांची यादी असते, बोटाने मोजत राहा. मोजणी चुकलीच तर वादकाचे हात बघा. गज किंवा हात हवेत आहेत तोवर रचना चालू आहे.

चर्चमध्ये त्यात आणखी एक गोष्ट. शेवटचा सूर सुटल्यावर दोन-तीन सेकंद तो छताखाली विरत असतो. रचनाकार आणि वादक दोघांनीही तो वेळ हिशेबात धरलेला असतो. तेव्हा संचालकाचे हात खाली येऊन खांदे सैल होईपर्यंत थांबा. पहिली टाळी आपलीच असावी असा हट्ट काही लोकांचा असतो. त्यांना चांगली ओळखतो आम्ही, प्रत्येक सभागृहात एक तरी असतोच.

काही वेळा पत्रिकेतच 'टाळ्या अखेरीस' असं छापलेलं असतं, विशेषतः धार्मिक रचना सलग गायल्या जातात तेव्हा. आणि कार्यक्रम मैफल नसून उपासना असेल, उदाहरणार्थ अँग्लिकन चर्चमधला कोरल ईव्हनसाँग, तर टाळ्या मुळीच नाहीत. तिथे इतर उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. प्रार्थना म्हणायची सक्ती नसते.

प्रश्न : प्रवेश मोफत, पण बाहेर पडताना दानपेटी. असं का?

कॅथलिक चर्चमध्ये यामागे नियम आहे. ५ नोव्हेंबर १९८७ रोजी व्हॅटिकनच्या उपासनाविषयक खात्याने चर्चमधल्या मैफलींबद्दल पत्रक काढलं. प्रवेश विनामूल्य आणि सर्वांना खुला असावा, वादक-गायक आणि श्रोत्यांचा पोशाख आणि वागणं जागेला शोभेल असं असावं, कलाकारांना वेदीच्या पवित्र भागात बसवू नये, असं त्यात म्हटलं आहे. इतर पंथांच्या चर्चमध्ये तिकिटं सर्रास असतात. दानपेटी असली तरी कलाकारांना मानधन आणि इमारतीला डागडुजी लागतेच. एरवी अशा कार्यक्रमाच्या तिकिटाला जे द्याल तेवढं टाका. नोट टाका, नाणं नको. मुख्य म्हणजे मैफल संपल्यावर टाका. संथ भाग चालू असताना पेटीत पडलेलं नाणं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातं.

पोशाखाबद्दल थोडक्यात : खांदे आणि गुडघे झाकलेले असले की कुठेही अडवणार नाहीत. पुरुषांनी टोपी काढायची.

प्रश्न : दीड तास लाकडी बाकावर बसून पाठ धरली आणि पाय गारठले. काय न्यावं?

गरम हवा उंच छताकडे जाते आणि दगडी फरशी पायांतली ऊब ओढून घेते. म्हणून जाड स्वेटरपेक्षा जाड तळव्यांचे बूट आणि लोकरी मोजे जास्त उपयोगी. गरम हवा सोडणारे पंखे आवाज करतात, त्यामुळे मैफल सुरू होताना ते बंद केले जातात. सुरुवातीला उबदार वाटलं म्हणून कोट काढून लांब ठेवू नका. बसायला दोन-तीन सेंटिमीटर जाडीची फोमची घडीची गादी न्या, फुगवायची नको. ती हललं की कुरकुरते.

बाकासमोर गुडघे टेकायची फळी असते. ती बिजागरीवर फिरते आणि पायाने ढकलली तर धाडकन आपटते. तिच्यावर पाय ठेवू नका. काठी आणि छत्री बाकाला टेकवून न ठेवता फरशीवर आडवी ठेवा, कारण टेकवलेली काठी पडतेच. पर्सची चेन आणि चिकटपट्टीचा कोट आधी उघडून ठेवा. खोकल्याची गोळी कागदातून काढून रुमालात ठेवावी. कागद हळूहळू सोडवला की आवाज कमी होत नाही, फक्त लांबतो. खोकला आलाच तर रुमालात, आणि जमल्यास मोठ्या आवाजाचा भाग येईपर्यंत दाबून. जुन्या चर्चमध्ये स्वच्छतागृह कधी एकच असतं, कधी शेजारच्या इमारतीत. मध्यंतर आहे का, हे आधी विचारा.

प्रश्न : वादक दर दोन तुकड्यांमागे सूर जुळवत होते. नवशिके होते का?

उलट, कान तयार असल्याची खूण आहे. लोक आत आले की चर्च तापू लागतं. ऑर्गनच्या बहुतेक नळ्यांचा सूर हवेच्या तापमानाबरोबर चढतो, अंशाला सुमारे तीन सेंट. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. चार अंश वाढले तर ४४० हर्ट्झचा सूर ४४३ वर जातो. पत्तीच्या, म्हणजे आतली पत्ती थरथरून वाजणाऱ्या, नळ्या त्या मानाने फारशा हलत नाहीत, त्यामुळे ऑर्गन स्वतःशीच बेसूर होऊ लागतो. तंतुवाद्याची तार मात्र तापल्यावर सैल पडून खाली उतरते. म्हणजे एक वर जातो, दुसरा खाली, आणि दोघांना एकत्र वाजवायचं असतं. मध्यंतरात कुणी हार्पसिकॉर्ड जुळवत असेल तर त्याच्या शेजारी उभं राहून गप्पा मारू नका. त्याला दोन तारांमधली थरथर ऐकायची असते, आणि ती तुमच्या कुजबुजीत बुडते.

प्रश्न : आमच्या गटाला चर्चमध्ये ऐंशी-शंभर लोकांसाठी छोटी मैफल करायची आहे. तालमीत सगळं फार घुमलं. माइक-स्पीकर वाढवावेत का?

नको. घुमणाऱ्या जागेत आवाज वाढवला की निनादही तितकाच वाढतो, स्पष्टता तिथल्या तिथेच राहते. आधी हे बघा की तालीम रिकाम्या जागेत झाली होती. माणसं आवाज शोषतात. हे नीट मोजून मांडलं भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातलं नवं व्याख्यानगृह इतकं घुमत होतं की तिथे शिकवणं अशक्य झालं होतं. १८९५ पासून सॅबिन यांनी जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून, मांडून, प्रत्येक वेळी ऑर्गनच्या नळीचा आवाज किती वेळ टिकतो हे मोजलं. त्यांचं सूत्र आजही वापरतात : निनादकाळ म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण (सगळा आवाज गिळणारा पृष्ठभाग धरला तर त्याचं क्षेत्रफळ).

तुमचं चर्च वर दिलेल्या मापाचं, २,००० घनमीटरचं धरा. रिकामं असताना तीन सेकंद, म्हणजे शोषण सुमारे १०७ चौरस मीटर. एक माणूस साधारण अर्धा चौरस मीटर. शंभर माणसं आली की ५० ची भर, एकूण १५७, आणि निनादकाळ दोन सेकंदांवर. तालमीत ऐकू आलेल्या घोळातला एक तृतीयांश भाग श्रोतेच गिळतात. मात्र कपडे आणि शरीरं वरचे सूर जास्त शोषतात, खर्ज कमी. म्हणून डबल बेस आणि पियानोचा डावा हात कार्यक्रमातही बोजड वाटू शकतो. त्यांना तालमीपासूनच हलकं वाजवायला सांगा. ड्रम शक्यतो नकोच. हट्ट असेल तर काड्यांऐवजी ब्रश.

श्रोते पसरू देऊ नका. पहिली रांग वादकांपासून दोन मीटरवर, आणि मागच्या रांगा दोरी लावून बंद. ऐंशी माणसं दोनशेच्या जागेत विखुरली की निम्मे लोक दूर बसतात. वादकांच्या पाठीमागे भिंत किंवा लाकडी पडदा असू द्या. त्यावरून परतणारा आवाज थेट आवाजाला लगेच येऊन मिळतो आणि त्याला बळ देतो. परतीचा आवाज ५० मिलिसेकंदांपेक्षा उशिरा आला, म्हणजे वाटेत १७ मीटरहून जास्त फेरा पडला, तर बोलण्यात तो वेगळा प्रतिध्वनी म्हणून खटकू लागतो. वादकांच्या पायाखालचा गालिचा गुंडाळून ठेवा, चेलोचा खुंट लाकडावर टेकला तर उत्तम. वेदीच्या खोल कमानीत बसवू नका. तिथे आवाज आधी कमानीतच फिरतो, आणि कॅथलिक चर्चमध्ये परवानगीही मिळायची नाही.

माइक फक्त निवेदनाला. उभट, बारीक स्तंभासारखे स्पीकर घ्या. ते आवाज वर छताकडे न फेकता आडवा पसरवतात. निवेदकाने रोजच्यापेक्षा सावकाश बोलावं, वाक्याअखेर क्षणभर थांबावं. आणि प्रत्येक वादकाच्या स्टँडवर स्वतंत्र दिवा. मेणबत्त्यांच्या उजेडात फोटो छान येतात, स्वरलिपी वाचता येत नाही.

प्रश्न : फोनवर रेकॉर्डिंग केलं, घरी ऐकलं तर नुसता घोळ. फोन खराब आहे का?

परवानगी घेतली होती असं धरून चालू. फोन बरा असावा. दोन कानांनी ऐकताना मेंदू आवाजाची दिशा ओळखून थेट आवाज वेगळा काढतो आणि निनाद मागे ढकलतो. एका माइकला ते जमत नाही. शिवाय फोन हळू भाग आपोआप वाढवतो आणि मोठा भाग दाबतो, त्यामुळे चढउतार सपाट होतात. पडद्याचा उजेड मागच्या सगळ्यांना दिसतो हे वेगळंच.

प्रश्न : ऑर्गनच्या मैफलीत वादक मागे, सज्जात. आम्ही वेदीकडे तोंड करून बसलो. वळून बघावं का?

संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन वेगळा. चर्चमधल्या पाइप ऑर्गनचा संच बहुतेक वेळा प्रवेशदारावरच्या सज्जात असतो, त्यामुळे श्रोत्यांची पाठ त्याच्याकडे असते. वळून फारसं काही दिसत नाही; वादकाची पाठ, कधी तीही नाही. काही ठिकाणी समोर पडद्यावर त्याचे हात-पाय दाखवतात. वादकाला दाद द्यायची ती शेवटी, उभं राहून आणि वळून.

जागा : सज्जाच्या थेट खाली नको, मधल्या दालनाच्या मध्यावर किंवा वेदीकडच्या बाजूला. आठ फुटी नळीचा सर्वांत खालचा सूर सुमारे ६५ हर्ट्झचा, सोळा फुटीचा ३३ चा, आणि बत्तीस फुटी असेलच तर १६ चा. तो कानापेक्षा बाकातून जाणवतो. खर्ज सगळीकडे सारखा नसतो. ६५ हर्ट्झची लहर सव्वापाच मीटर लांब असते, त्यामुळे भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळून कुठे खर्ज भरून येतो, कुठे पोकळी पडते, आणि या दोन जागांमधलं अंतर जेमतेम सव्वा मीटर असू शकतं. खर्ज पोकळ वाटला तर रांग बदलू नका, त्याच बाकावर दोन-तीन माणसांची जागा बाजूला सरकून बघा.